नॉर्फोकच्या किनाऱ्यावर म्युझियमचं काम शिकताना

म्युझियम स्टडीज करायला इंग्लंडला निघालेली मुलं मला हमखास विचारतात, ब्रिटिश म्युझियममध्ये इंटर्नशिप मिळेल का? मिळाली तर जरूर घ्या, नाव मोठं आहे. पण माझं मत विचाराल तर काम शिकायला समुद्रकाठची एखादी काउंटी, म्हणजे जिल्हा, धरावी आणि तिथली छोटी म्युझियमं गाठावीत. मोठ्या ठिकाणी नवख्याच्या वाट्याला एखादं कपाट येतं. छोट्या ठिकाणी तिकीट फाडण्यापासून वस्तूची नोंद करण्यापर्यंत सगळं अंगावर पडतं, आणि अंगावर पडल्याशिवाय हे काम येत नाही.

मी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरची नॉर्फोक धरली, कारण शिकायला नॉर्विचच्या युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट अँग्लियात होते. तिथून बिटर्न लाइनची छोटी गाडी क्रोमर आणि शेरिंगम या किनाऱ्यावरच्या गावांना जाते. रत्नागिरीत वाढल्यामुळे मासळी, होड्या, वादळं हे विषय मला परके नव्हते, एवढंच काय ते भांडवल.

इथली म्युझियमं ढोबळमानाने दोन प्रकारची. एक, काउंटी कौन्सिलच्या नॉर्फोक म्युझियम्स सर्व्हिसची. ती दहा आहेत : नॉर्विच कॅसल, किंग्ज लिनचं लिन म्युझियम, ग्रेट यारमथचं टाइम अँड टाइड, क्रोमर म्युझियम, ग्रेसनहॉलचं शेत आणि वर्कहाउस (गरिबांना ठेवून काम करून घ्यायची जुनी संस्था) वगैरे. दुसरी ट्रस्ट किंवा संस्थांची : शेरिंगमचं 'द मो', किंग्ज लिनचं ट्रूज यार्ड, लाइफबोट संस्थेचं क्रोमरमधलं हेन्री ब्लॉग म्युझियम. कौन्सिलकडे ठरलेली पद्धत असते आणि विचारायला तज्ज्ञ असतात. ट्रस्टकडे माणसं कमी, त्यामुळे तुम्ही दोन आठवड्यांत घरचे होता. जमल्यास दोन्हीकडे काम करा, आधी ट्रस्टकडे.

नुसतं फिरायचं असेल तरी टाइम अँड टाइड चुकवू नका. हेरिंग मासा धुरी देऊन टिकवण्याचा हा व्हिक्टोरियन कारखाना. २००४ मध्ये त्याचं म्युझियम झालं, पण भिंतींत मुरलेला धुराचा वास अजून गेलेला नाही. सुकटीच्या वखारीत वाढलेल्या माणसाला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. १९१३ च्या हंगामात यारमथला हजाराहून जास्त होड्या लागल्या होत्या, आणि मासे साफ करायला स्कॉटलंडहून बायका येत. बोटं कापू नयेत म्हणून त्या चिंध्या गुंडाळून काम करत. मत्स्योद्योगाचं म्युझियम म्हणजे होड्यांचे मॉडेल्स आणि नांगर, अशी कल्पना असेल तर ती इथे मोडते. इथे किनाऱ्यावरच्या बायकांचे कष्टही दिसतात.

आता कामाबद्दल. म्युझियमच्या कामाचा गाभा नोंद आहे, प्रदर्शन नव्हे. वस्तू दारात आली की ती कुणाची, कुठली, कुणी दिली आणि मालकी कशी बदलली, हे कागदावर यावंच लागतं. ब्रिटनमध्ये यासाठी 'स्पेक्ट्रम' नावाची मानकं आहेत. त्यात २१ प्रक्रिया आहेत आणि त्यातल्या ९ प्राथमिक. म्युझियमला मान्यता हवी असेल तर या नऊ नीट लागतात. इंटरव्ह्यूला जाण्याआधी तेवढ्या नऊ तरी समजून घ्या, इतर उमेदवार बहुतेक प्रदर्शनांबद्दलच बोलत असतात.

उदाहरण म्हणून गॅन्झी घ्या. हा कोळ्यांचा गडद निळा लोकरी स्वेटर, आणि शेरिंगमची विण फार बारीक म्हणून प्रसिद्ध. बारीक सुयांवर, गोल, इतका घट्ट विणलेला की पाणी सहजी आत शिरत नाही. बाही खांद्याकडून मनगटाकडे विणतात, म्हणजे कफ झिजला की तेवढाच उसवून नवा विणता येतो. जुन्या गॅन्झीचा कफ बघा, निळ्याची छटा अंगापेक्षा किंचित वेगळी दिसली तर तिथे कुणाच्या तरी बायकोने किंवा आईने दुरुस्ती केलेली असू शकते. नोंदीत हे लिहायचं असतं. 'स्वेटर, लोकर, निळा' एवढं लिहून थांबलात तर गोष्ट गेली.

अशी वस्तू आली की आधी ती थेट कपाटात जात नाही. पॉलिथिनमध्ये सीलबंद करून फ्रीझरमध्ये जाते : उणे ३० अंशांवर तीन दिवस, घरगुती फ्रीझरच्या उणे १८ वर दोन आठवडे. कसरीच्या अंड्यांचा बंदोबस्त असा होतो. मग नंबर. कपड्यावर शाई लावत नाहीत. सुती फितीवर नंबर लिहून ती फीत दोन-चार सैल टाक्यांनी आतल्या बाजूला शिवतात, सुई धाग्याच्या मधून, धाग्यातून नव्हे. नंबरात सहसा आधी वर्ष, मग त्या वर्षीची कितवी देणगी, मग त्यातली कितवी वस्तू. शेवटी घडीच्या जागी आम्लविरहित टिश्यूची गुंडाळी ठेवून आडवं बॉक्समध्ये. हँगरला कधीच नाही, लोकर स्वतःच्या वजनाने ओघळते.

गॅन्झीबद्दल एक गोष्ट तुम्हाला प्रत्येक पर्यटक सांगेल : गावागावाची नक्षी वेगळी, म्हणून वाहून आलेलं प्रेत नक्षीवरून ओळखत. ऐकायला छान आहे, पण पुरावा फारच तोकडा. बायका नक्ष्या एकमेकींकडून सर्रास उचलत, आणि कोळी बंदरोबंदरी फिरत. मला तर वाटतं की गाइडने ही गोष्ट सांगावी आणि लगेच ती कितपत खरी, हेही सांगावं. लोक नाराज होत नाहीत, उलट नीट ऐकायला लागतात.

वस्तू प्रदर्शित करण्याचा खरा वाद समजून घ्यायचा तर किंग्ज लिनला सीहेंज बघा. १९९८ मध्ये होम गावाच्या किनाऱ्यावर वाळू सरकली आणि ओकच्या ५५ खांबांचं वर्तुळ उघडं पडलं, मधोमध मुळं वर करून पुरलेलं ओकचं खोड. झाडं तोडली ती इ.स.पू. २०४९ मध्ये, हे लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून कळलं. समुद्र ते खाऊन टाकणार होता म्हणून पुरातत्त्वज्ञांनी उचललं. काही गावकरी आणि ड्रुइड पंथाचे (प्राचीन निसर्गपूजक परंपरा मानणारे) लोक म्हणाले, जिथे आहे तिथे राहू द्या, समुद्राने नेलं तर नेलं. लाकूड मेणासारख्या रसायनात मुरवून, गोठवून वाळवून टिकवलं आणि २००८ पासून त्याचा काही भाग लिन म्युझियममध्ये आहे. उचललं ते योग्य की अयोग्य? इंटरव्ह्यूत असा प्रश्न येतो तेव्हा त्यांना एकच उत्तर नको असतं, दोन्ही बाजू कळल्यात का हे बघायचं असतं. आजही हा किनारा ढासळतोय आणि लोक फिरता फिरता हाडं आणि नाणी उचलून आणतात. वेस्ट रंटनच्या मॅमथचं पहिलं हाड १९९० मध्ये वादळानंतर एका दांपत्याला असंच सापडलं होतं. अशा वेळी काउंटरवर बसणाऱ्याने माहिती नीट लिहून घेतली नाही तर पुढचे तज्ज्ञ काय करणार?

माणसांबद्दल थोडं. इथले स्वयंसेवक बहुतेक सत्तरीच्या आसपासचे. त्यांना पहिल्या नावाने हाक मारायची असते, 'काका' जिभेवर आलं तरी गिळायचं. या लोकांच्या डोक्यात जेवढं आहे तेवढं कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही. हिवाळ्यात बरीच छोटी म्युझियमं पाहुण्यांसाठी बंद असतात, तेव्हा साफसफाई चालते : मऊ ब्रश, व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळीचं कापड, आणि चहा. त्याच वेळी जुने फोटो टेबलावर पसरून 'हा कोण, ही होडी कुणाची' असं विचारा आणि उत्तर लगेच लिहून घ्या. म्हणून स्वयंसेवेसाठी अर्ज ऑक्टोबरात करा. एप्रिलमध्ये सगळे येतात आणि कुणालाच शिकवायला वेळ नसतो.

व्हिसाचं मात्र डोळसपणे बघा. स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. ठराविक वेळेची, करार असल्यासारखी बिनपगारी नोकरी त्या २० तासांत मोजली जाते, संस्थेला हौसेने मदत केली तर नाही. फरक नाजूक आहे, त्यामुळे स्वयंसेवा सुरू करण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा विभागाकडून लेखी उत्तर घ्या. अभ्यास संपल्यावर नोकरी मिळणं अवघडच. सुरुवातीच्या म्युझियम नोकऱ्यांचा पगार स्किल्ड वर्कर व्हिसाच्या मर्यादेपर्यंत क्वचितच पोचतो. ती सर्वसाधारण मर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली आहे. नवोदितांना थोडी सवलत मिळते, पण तीही अशा पदांना पुरत नाही. त्यातही बऱ्याच जागा वर्ष-दीड वर्षाच्या करारावर. कर्ज काढून येणार असाल तर हे गणित घरी आधी मांडा.

अर्ज करताना जाहिरातीसोबत 'पर्सन स्पेसिफिकेशन', म्हणजे उमेदवारात काय काय हवं याची यादी, येते. त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला एक प्रसंग, एवढंच लिहा. सीव्ही कितीही देखणा असला तरी गुण त्या मुद्द्यांनाच पडतात. शाळकरी मुलांसोबतच्या कामाला पोलिस-तपासणी लागते, तिला वेळ धरा. आणि गाडी चालवता येत असेल तर ते ठळक लिहा. ग्रेसनहॉलसारख्या ठिकाणी बसचा भरवसा नाही, आणि भारतातल्या लायसन्सवर इथे बारा महिने चालवता येतं.

थेटफर्डचं एन्शंट हाउस मात्र सवड काढून बघा. पंजाबचे शेवटचे शीख महाराजा दुलीपसिंग यांचे पुत्र प्रिन्स फ्रेडरिक यांनी ते शहराला दिलं. वडिलांचं राज्य गेलेलं, हे इथे जुनी चित्रं आणि कागदपत्रं गोळा करत राहिले. आपल्या रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमधला ब्रह्मदेशचा राजाही राज्य गमावून परक्या किनाऱ्यावर आलेला. त्या वाड्यातही म्युझियम आहे. तिथल्या वस्तूंच्या नोंदी बघायला मिळतील का, याची चौकशी मी सध्या करते आहे.