जबड्यातील दुर्मीळ कर्करोग: ओरल पॅथॉलॉजीत नव्याने येणाऱ्यांसाठी

ओरल पॅथॉलॉजीच्या (तोंड-जबड्यातील ऊती तपासून रोगनिदान करण्याच्या शाखेच्या) पहिल्या वर्षी जबड्यातील एका सिस्टचे (आतून पेशींचे अस्तर असलेल्या पिशवीसारख्या गाठीचे) दोन छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, अस्तर साधेच आहे असे समजून मी अहवालाचा मसुदा लिहून मोकळा झालो होतो. मार्गदर्शकांनी तो बाजूला ठेवला आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीत उरलेली सगळी ऊती प्रोसेसिंगला टाकायला लावली. तिसऱ्या ब्लॉकच्या (मेणात बसवलेल्या ऊतीच्या तुकड्याच्या) छेदात अस्तराखालून पेशींची लहान-लहान बेटे सिस्टच्या भिंतीत घुसलेली होती आणि काहींच्या मध्यभागी केराटिनचे गुलाबी मोती स्पष्ट दिसत होते. सिस्टच्या अस्तरातूनच हाडात कार्सिनोमा (अस्तराच्या पेशींचा कर्करोग) उद्भवला होता.

हाडाच्या आत अशा अस्तराच्या पेशी (एपिथेलियम) येतात कुठून, हा प्रश्न नवख्याला पडतोच. दात घडताना मालासे आणि सेरे यांच्या नावाने ओळखले जाणारे पेशींचे अवशेष मागे राहतात. त्यांच्यापासून किंवा सिस्टच्या अस्तरापासून हे कर्करोग उद्भवू शकतात. मात्र 'हाडातील प्राथमिक कार्सिनोमा' हे निदान इतर शक्यता वगळल्यावरच करायचे असते: हिरडीचा कर्करोग हाडात उतरलेला नाही, वरच्या जबड्यात असल्यास तो सायनसमधून आलेला नाही आणि दूरच्या अवयवातून पसरलेला नाही, हे आधी पाहावे लागते. पेशी पारदर्शक दिसल्या तर मूत्रपिंडाचा कर्करोग आणि लाळग्रंथीची गाठ यांचा विचार टाळताच येत नाही. तिथे ईडब्ल्यूएसआर१ (EWSR1) जनुकाच्या फेरजुळणीची (तो तुटून दुसऱ्या जनुकाशी जोडला जाण्याची) तपासणी उपयोगी पडते, पण लाळग्रंथीच्या एका प्रकारातही तीच फेरजुळणी आढळत असल्याने केवळ तिच्यावर विसंबता येत नाही.

नावांनी गोंधळून जाऊ नका, कारण ती बदलत आली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1992 च्या वर्गीकरणात सौम्य (कर्करोग नसलेली) मानलेली पारदर्शक पेशींची गाठ 2005 मध्ये कार्सिनोमा ठरली. उलट, फुप्फुसात पसरूनही सूक्ष्मदर्शकाखाली सौम्यच दिसणारा अमेलोब्लास्टोमा (दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी जबड्याची गाठ) 2017 मध्ये सौम्य गटात गेला. (परीक्षेत हा प्रश्न हमखास चकवतो.)

एक्स-रे पाहिल्याशिवाय स्लाइडवर मत देऊ नका आणि ऊतीसोबत आलेला तपासणीचा अर्ज अपुरा वाटला तर संकोच न करता पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. त्या सिस्टच्या वेळी मी फोन केला तेव्हा कळले की दात काढण्यापूर्वीच रुग्णाचा खालचा ओठ बधिर झाला होता, म्हणजे कर्करोगाची शंका यावी अशी खूण आधीच होती. अर्जावर मात्र 'सूज' एवढा एकच शब्द होता.