‘अल्गोरिदम बिघडलाय’ म्हणण्याआधी या चुका टाळा

“सर, दहा वेळा नको म्हटलं, तरी तेच येतंय.” पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेखाली चहा पिता पिता एमपीएससी करणारा एक मुलगा फोन पुढे करून सांगत होता. ‘तेच’ म्हणजे पेपरफुटीच्या अफवा आणि निकालावरची आरडाओरड. म्हटलं, लाव बघू.

रील लागली. पठ्ठ्याने शिवी हासडली, शेवटपर्यंत पाहिली, खाली ‘लाज वाटते का’ असं लिहिलं, रूममेटला पाठवली आणि मग ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबलं.

गोम इथेच आहे. पुढे काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या अल्गोरिदमला मिळालं एक मत विरोधात, तीन बाजूने. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५च्या जानेवारीत सांगितलं होतं की सगळ्यात वजनदार खुणा तीन: किती वेळ पाहिलं, लाइक केलं का, कुणाला पाठवलं का. पाहिलेल्या सेकंदांवर राग की आवड हे लिहिलेलं नसतं. नको असेल तर निमूटपणे वर सरकवा. रूममेटला दाखवायचंच असेल तर स्क्रीनशॉट पाठवा.

दुसरी चूक म्हणजे चुकीच्या बटणावर भरवसा. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२२मध्ये यूट्यूबची बटणं तपासली, तेव्हा डिसलाइकने नकोशा शिफारशींपैकी जेमतेम १२ टक्के टळल्या आणि ‘नॉट इंटरेस्टेड’ने ११. ‘डोन्ट रेकमेंड चॅनेल’ने ४३ टक्के, तर व्हिडिओ हिस्टरीतून काढून टाकल्यावर २९. म्हणजे एकेका व्हिडिओशी भांडत बसू नका, चॅनेलच बंद करा. तेही रामबाण नाही, निम्म्याहून जास्त गाळ येतोच.

फोन भाच्याच्या हातात देणं ही चूक नव्हे, संकट आहे. अर्ध्या तासाची कार्टून्स आठवडाभर पुरतात.

कॉलेजच्या गॅदरिंगची रील टाकणाऱ्यांची चूक वेगळीच. ग्रुपवर मेसेज पडतो, ‘फक्त लाइक करा रे’. चाळीस जण डबल टॅप करून दोन सेकंदांत पुढे जातात. लाइक वाढतात, पण पाहण्याची सरासरी वेळ मात्र आपटते. त्यापेक्षा दहाच जणांनी शेवटपर्यंत पाहून एखाद्याला पाठवलेली बरी.

पूर्ण हाताबाहेर गेलं की मुलं नवं अकाउंट उघडतात आणि त्याच मित्रांना, त्याच पेजेसना फॉलो करतात. कशाला? इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये ‘कंटेंट प्रेफरन्सेस’खाली शिफारशी रीसेट करायची सोय आहे. एकदा केलं की मागे फिरता येत नाही आणि फॉलोची यादी तशीच राहते, म्हणून आधी ती छाटा.

यूट्यूबला मात्र मी अघोरी उपाय सांगतो. वॉच हिस्टरी पुसायची आणि बंद करायची. ऑगस्ट २०२३पासून अशा अकाउंटचं होम पान जवळजवळ कोरं दिसतं, वर शोधायची पट्टी तेवढी उरते. राज्यघटनेवरचं लेक्चर हवं तर नाव टाइप करा, पाहा, बाहेर पडा.

त्या मुलाला तिथेच करून दिलं. पाच मिनिटांत परत आला.

“सर, आता यात बघू काय?”