उंदरांवरचा 'मॉर्फिन टॉलरन्स आणि वनस्पती अर्क' पेपर कसा वाचायचा

आधी टॉलरन्स म्हणजे काय ते डोक्यात पक्कं करा, मॉर्फिनसारख्या जोरदार पेनकिलरचा तोच डोस रोज देत राहिलं की वेदना कमी करायची ताकद घटत जाते, बस. वनस्पतीचा अर्क हे थांबवतो का, ते हे पेपर बघतात. अश्वगंधेवर १९९७ मध्ये उंदरांवरचा असा एक अभ्यास आलाय, त्यानंतर बऱ्याच वनस्पतींवर आलेत.

पेपर उघडला की अ‍ॅबस्ट्रॅक्ट सोडा, डायरेक्ट ग्रुप्स बघा. नुसतं सलाइन (औषध नसलेलं मिठाचं पाणी), नुसतं मॉर्फिन, मॉर्फिन अधिक अर्क, आणि नुसता अर्क, हे चारही हवेत. शेवटचा नसेल तर मला तरी पेपर अर्धवट वाटतो, कारण अर्क स्वतःच वेदना कमी करत असेल तर टॉलरन्स थांबला की दोन परिणामांची बेरीज झाली हे कळणार कसं?

मग टेस्ट बघा. हॉट प्लेट साधारण ५५ डिग्रीला असते, उंदीर पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंतचे सेकंद मोजतात, भाजू नये म्हणून कट-ऑफ टाइम ठेवतात. आता गंमत अशी की अर्काने उंदीर नुसता सुस्त झाला तरी सेकंद वाढतात, म्हणून रोटारॉडसारखी (फिरत्या दांड्यावर उंदीर किती वेळ टिकतो ते बघायची) हालचालीची टेस्ट केलीय का ते शोधाच.

अर्क पहिल्या दिवसापासून दिला की टॉलरन्स आल्यावर? पहिला टॉलरन्स रोखण्याचा, दुसरा आलेला घालवण्याचा, दोन्ही वेगळे प्रश्न आहेत.

आणि डोस सरळ आपल्या वजनाने गुणू नका, छोट्या उंदराचा (mouse, rat नव्हे) मिग्रॅ/किलो माणसासाठी साधारण १२.३ ने भागतात, तोही फक्त अंदाज. चालू पेनकिलरसोबत स्वतःवर प्रयोग तर नकोच, झोप आणणारा अर्क ओपिऑइडसोबत (मॉर्फिनच्या गटातल्या औषधांसोबत) श्वास मंदावू शकतो.