पुल्या आधी, पट्टा शेवटी

आयटीआय झाल्यावर परतवाड्याजवळच्या एका गॅरेजात लागलो. पहिल्याच इंजिन-बदलीत उस्तादांची बोलणी खाल्ली. जुन्या जीपमध्ये दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवायचं होतं. इंजिन अजून साखळीलाच लटकलेलं, आणि मी पन्नासेक किलोमीटर जाऊन अमरावतीहून इंजिनाच्या समोरच्या पुल्यांवर फिरणारा नवा बेल्ट घेऊन आलो. उस्तादांनी तो खुंटीला अडकवला. "पुल्या कुठी हायेत अजून? पयले पुल्या जागेवर बसू दे, मंग पट्टा आन." तो बेल्ट त्या गाडीला लागलाच नाही, दोन इंच आखूड पडला.

आता गॅरेजात येणारी पोरं मलाही हेच विचारतात, "दादा, बेल्ट कितीचा आणू?" इंजिन बदलताना पुल्या आणि बेल्ट कसे जुळवायचे, ते त्यांच्यासाठी लिहितोय.

इंजिन घ्यायला जाल तेव्हा समोरचा संच सोडू नका. क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची), पाण्याचा पंप, डायनमो (बॅटरी चार्ज करणारा), टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा), त्यांचे ब्रॅकेट आणि जुना बेल्ट हे सगळं त्याच इंजिनावरचं, जागेवर बसलेलं मागा. विकणारे डायनमो काढून वेगळा विकतात. चार पैसे जास्त गेले तरी द्या, कारण नंतर ओतीव ब्रॅकेट सुटा शोधताना पाय तुटतात. बेल्ट सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कोणत्या पुलीवर खाचांची बाजू येते आणि कोणत्या पुलीवर पाठीची सपाट बाजू, ते फोटोत दिसलं पाहिजे. पाठीवर फिरणारी पुली उलट्या दिशेने फिरते. पाण्याचा पंप उलटा फिरला तर पाणी पुरेसं खेळत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा ते इंजिन पहिल्याच चढावर तापतं.

आता त्या जीपची गोष्ट. तिच्या इंजिनासोबत डायनमो आला नव्हता, म्हणून मी एका पेट्रोल गाडीचा बसवला. ब्रॅकेट वेल्डिंग करून घेतलं. चार्जिंग १४ व्होल्टच्या आसपास दाखवत होतं आणि मी खूश होतो. ती गाडी चिखलदऱ्याच्या घाटात सवारी वाहणार होती. संध्याकाळी उस्ताद ट्रायलसाठी बसले. अंगणातच त्यांनी ब्रेक दोन-तीनदा दाबला. पहिल्यांदा पेडल नेहमीसारखं गेलं, दुसऱ्यांदा जड झालं, तिसऱ्यांदा लाकडावर पाय ठेवल्यासारखं घट्ट. इंजिन सुरूच होतं. ते खाली उतरले, डायनमोच्या मागे हात घातला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

बऱ्याच डिझेल गाड्यांत डायनमोच्या मागच्या टोकाला व्हॅक्यूम पंप, म्हणजे हवा ओढून घेणारा पंप, असतो. डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत, पेट्रोल गाडीसारखी ओढ नसते, म्हणून ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरला तो पंप लागतो. पंपाला तेलाची एक नळी येते आणि एक परत चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला, जाते. मी बसवलेल्या डायनमोला पंपच नव्हता. बूस्टरमध्ये उरलेली हवेची ओढ दोन दाबांत संपली. ती गाडी तशीच घाटात गेली असती तर, हा विचार आजही मनातून जात नाही. म्हणून कोणता डायनमो, कोणता पंप, पॉवर स्टेअरिंग ठेवायचं की नाही, एसी ठेवायचा की नाही, हे पुलीच्याही आधी कागदावर लिहून काढा. एसी नको असेल तर कॉम्प्रेसरच्या जागी मोकळी फिरणारी पुली लावता येते.

मग रेषा. क्रँक पुली हलत नाही, म्हणून बाकी सगळ्या पुल्या तिच्या रेषेत आणायच्या. आम्ही गवंड्याची लाइनदोरी वापरतो. पुलीच्या कडेवर विसंबू नका, एकीची कड जाड असते, दुसरीची बारीक. खाचेच्या मध्यातून माप घ्या. ब्रॅकेटखाली वॉशर घालून पुली पुढे-मागे करा आणि बोल्ट पूर्ण कसल्यावर पुन्हा दोरी लावा, कारण कसताना ब्रॅकेट ओढलं जातं. एक मिलिमीटरचा फरकही मी सोडत नाही.

पुलीचं माप हा हिशेब आहे. क्रँक पुली १५० मिलिमीटर आणि डायनमोची ६०, तर इंजिनाच्या एका फेऱ्याला डायनमो अडीच फेरे घेतो. डिझेल मिनिटाला ७५० फेऱ्यांवर मंद चालत असेल तर डायनमो १८७५ वर फिरतो. पेट्रोल गाडीच्या डायनमोची पुली मोठी असली तर आठवडी बाजारात दिवे लावून उभ्या असलेल्या जीपची बॅटरी उतरत जाते. उलट, डिझेलची लहान पुली ६००० फेरे घेणाऱ्या पेट्रोल इंजिनावर लावली तर डायनमोचे फेरे मर्यादेबाहेर जाऊ शकतात.

क्रँक पुली मात्र लेथवर घडवून घेऊ नका. आतला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असेल तर ती नुसती पुली नाही, क्रँकच्या पिळाचा हादरा ती शोषते. भरीव पुली लावल्याने क्रँक तुटू शकतो. जुनी वापरत असाल तर दोन्ही भागांवर खडूची एकच सरळ रेघ मारा. इंजिन चालल्यावर रेघ तुटलेली दिसली तर रबर सुटलंय.

शेवटी बेल्ट. '६ पीके १७३५' म्हणजे ६ बरगड्या (बेल्टच्या आतल्या बाजूच्या लांब उंच रेघा) आणि १७३५ मिलिमीटर लांबी. बरगड्या ३.५६ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणून ६ बरगड्यांची रुंदी २१ मिलिमीटरच्या थोडी वर भरते. टेन्शनर मधल्या ठिकाणी ठेवून न ताणणारी दोरी पुल्यांच्या खाचांतून फिरवा आणि मापा. जुना व्ही-बेल्ट (एकाच खाचेत बसणारा, व्ही आकाराचा) असेल तर तो खाचेच्या बाजूंवर बसतो, तळाला टेकत नाही. तळ चकाकत असेल तर पुली झिजलीय. मळणीयंत्राचा बी बेल्ट डायनमोला लावायला कोणी सांगेल, लावू नका. तो १७ मिलिमीटर रुंद असतो आणि त्याला साधारण १२५ मिलिमीटरची पुली लागते. ६०-७० च्या पुलीवर तो वळताना तापतो.

टेन्शनर क्रँकमधून बेल्ट बाहेर पडतो त्या सैल बाजूला हवा. लहान पुलीला बेल्टची मिठी मोठी हवी, म्हणजे बेल्ट तिला जास्त भागावर लपेटलेला हवा. मिठी कमी पडत असेल तर मोकळी पुली टाकून बेल्ट वळवा. ताण वाढवून भागवाल तर पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जाईल.

सुरू केल्यावर चिवचिव आवाज आला तर इंजिन चालू असताना हात दूर ठेवून खाचांच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारा. आवाज थांबून परत आला तर रेषा चुकलीय. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे.

कागदांचं काम आधी करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी घ्या आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवा.

काम झालं की मी बेल्टचा नंबर आणि पट्ट्याचा मार्ग बॉनेटच्या आतून पांढऱ्या रंगाने काढतो आणि त्याच मापाचा दुसरा बेल्ट सीटखाली ठेवून गाडी देतो. मेळघाटात सेमाडोहच्या रस्त्यावर रात्री बेल्ट तुटला तर ड्रायव्हरला तेवढा आधार हवा.