डोक्याच्या आजारावर काय वाचावं आणि कुठं शोधावं

वाचनालयात आजाराचं नाव घ्यायला लाज वाटत असेल तर विचारूच नका, थेट कपाटाकडे जा. पुस्तकं दशांश पद्धतीनं, म्हणजे विषयाला आकडा देऊन, लावली असतील तर मानसशास्त्र 150 पाशी, मनोविकार 616.89 पाशी, लग्न-कुटुंब 306.8 पाशी. आमच्या परभणीकडच्या लहान वाचनालयांत मात्र ही पुस्तकं बहुतेक 'व्यक्तिमत्त्व विकास'च्या फळीवर कोंबलेली असतात. मी स्वतः ग्रंथपाल आहे, म्हणून सांगते.

पुस्तक हातात आलं की आधी लेखकाची ओळख वाचा. मनोविकारतज्ज्ञ आहे का? मग औषधांचं प्रकरण उघडा. 'गोळ्या सोडा, मन खंबीर करा' असं असेल तर मुकाट्यानं परत ठेवा, छपाई कितीही झकास असो. झोप, भूक, चिडचिड कशी बदलते आणि घरच्यांनी काय बोलावं, काय टाळावं, हे सांगणारं घरी न्या. सासूबाई वाचत नसतील तर भाकरी थापता थापता लेकराकडून दोन पानं मोठ्यानं वाचून घ्या. ऐकत नाही असं दाखवतात, पण ऐकतात.

कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा करत असेल तर पुस्तक राहू द्या. त्याला एकटं सोडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेच्या 14416 वर फोन लावा. फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं.