दुधाच्या दातांचे शास्त्र : बालदंतचिकित्सेकडे वळणाऱ्या नवोदितांसाठी

दंतवैद्यकाचे पदवीशिक्षण संपत आले की विद्यार्थी पुढील शाखेचा विचार करू लागतात, आणि त्या वेळी बालदंतचिकित्सेविषयी दोन समज हमखास कानावर येतात. पहिला असा की हे काम सोपे आहे, कारण दात लहान असतात आणि शेवटी पडणारच असतात. दुसरा असा की हे काम डोकेदुखीचे आहे, कारण मुले रडतात, हात झटकतात आणि तोंडच उघडत नाहीत. या शाखेत अनेक वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की हे दोन्ही समज एकाच मुळातून आलेले आहेत. मूल म्हणजे आकाराने लहान असलेला प्रौढ रुग्ण, ही ती समजूत. आमच्या शाखेचा इतिहास म्हणजे ही समजूत मोडत जाण्याचा इतिहास आहे, आणि म्हणूनच तो परीक्षेपुरता पाठ करून सोडून देऊ नये, असे मला वाटते.

आधी दातांविषयी. दुधाचे दात २० असतात. पहिला साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सगळे आलेले असतात. पालकांच्या डोळ्यांसमोर सहाव्या-सातव्या वर्षी पडणारे पुढचे दात असतात, त्यामुळे "पडणारच आहेत, तर कशाला खर्च करायचा?" हा प्रश्न ते अगदी मनापासून विचारतात. परंतु दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकायच्या असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या दाढेला कीड लागली असेल, तर त्या दाढेला अजून सात-आठ वर्षे अन्न चावायचे आहे आणि खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताची जागा राखायची आहे. ती लवकर काढावी लागली तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते, जागा कमी होते, आणि नंतरचा दात वाकडा येतो किंवा हाडातच अडकून राहतो. स्पेस मेंटेनर, म्हणजे ही जागा राखणारे छोटे उपकरण, बसवावे लागते ते यासाठीच. सहाव्या वर्षीची ही दाढ कोणताही दात न पडता सर्वांत मागे येते, म्हणून बहुतेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. प्रत्येक पालकाला ती आरशात बोट ठेवून दाखवण्याची सवय नवोदितांनी पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

दुधाच्या दाताचे एनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण आवरण, पातळ असते, आतील पल्प, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्या असलेला मऊ गाभा, प्रमाणाने मोठा असतो आणि त्याची टोके पृष्ठभागाच्या बरीच जवळ पोहोचलेली असतात. प्रौढांच्या दातात जी कीड भरण्याजोगी वाटेल, ती दुधाच्या दातात पल्पपर्यंत गेलेली असू शकते. दोन दाढांच्या मधल्या फटीतील कीड तर वरून दिसतही नाही, चघळण्याच्या पृष्ठभागावर केवळ राखाडी सावली उमटते. तिथे क्ष-किरण चित्राला पर्याय नाही.

आता इतिहास. दातात किडा असतो आणि तोच दात पोखरतो, ही कल्पना मेसोपोटेमियातील प्राचीन मृत्पट्टिकांपर्यंत मागे जाते. फ्रान्समधील प्येर फोशार यांनी १७२८ मध्ये दंतशस्त्रक्रियेवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी या किड्याच्या कल्पनेवर शंका घेतली आणि दुधाच्या दातांचाही विचार केला. १७४३ मध्ये रोबेर ब्यूनों यांनी लहानपणीच्या आजारांचा दातांच्या घडणीवर परिणाम होतो, ही महत्त्वाची गोष्ट मांडली. कायमच्या दाताच्या एनॅमलवर आडवे खळगे दिसले की आजही आपण आईला पहिल्या दोन-तीन वर्षांतील तापांविषयी विचारतो, त्या प्रश्नाचा उगम इथे आहे.

या सगळ्यापेक्षा बोधप्रद, आणि अस्वस्थ करणारे, प्रकरण दात येण्याविषयीचे आहे. दात येताना बाळ दगावते अशी युरोपात शतकानुशतके पक्की श्रद्धा होती. सोळाव्या शतकातील शल्यवैद्य आम्ब्रोआज पारे यांनी दाताला वाट मिळावी म्हणून हिरडी कापण्याचा सल्ला दिला, आणि ही पद्धत एकोणिसाव्या शतकातही चालू होती. १८३९ या एका वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये ५,०००हून अधिक मृत्यूंचे कारण दात येणे असे नोंदवले गेले. प्रत्यक्षात सहाव्या महिन्यानंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, वरचे अन्न आणि पाणी सुरू होते, बाळ हाताला येईल ती वस्तू तोंडात घालते, आणि नेमके त्याच काळात दात येतात. एकाच वेळी घडणाऱ्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव शोधला गेला. उपाय तर रोगापेक्षा भयंकर होता: दात सुखाने यावेत म्हणून बाळांना दिल्या जाणाऱ्या पुडींत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे संयुग, असे. हात-पाय लालगुलाबी होऊन सोलणारा आणि मुलाला अत्यंत चिडचिडे करणारा 'पिंक डिसीज' नावाचा आजार पाऱ्यामुळे होतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यास योसेफ वारकानी यांच्या संशोधनातून पुढे आले. १९५४ मध्ये ब्रिटनमधील उत्पादकांनी पुडींतील पारा काढला आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. म्हणून बाळाला खूप ताप आहे, जुलाब होत आहेत आणि "दात येत आहेत ना, म्हणून" असे आई सांगते, तेव्हा मान डोलवू नये. दात येताना हिरडी हुळहुळते, लाळ गळते, बाळ किरकिर करते. मोठा ताप आणि जुलाब यांचे कारण दुसरीकडे असते, आणि अशा बाळाला विनाविलंब बालरोगतज्ज्ञांकडे पाठवणे हे आपले काम आहे.

मुलांच्या दातांकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहण्याची सुरुवात शाळांपासून झाली. १८८५ मध्ये विल्यम फिशर यांनी ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांच्या दातांची सक्तीची तपासणी व्हावी, अशी मागणी केली. १९०२ मध्ये एर्न्स्ट येसेन यांनी स्ट्रासबुर्ग येथे शालेय दंतचिकित्सालय उघडले, आणि १९०७ मध्ये जॉर्ज कनिंगहॅम यांनी केंब्रिजमध्ये त्याच वाटेने पाऊल टाकले. न्यूझीलंडने १९२१ मध्ये शालेय दंतसेवेसाठी खास परिचारिका प्रशिक्षित करण्यास आरंभ केला. हा प्रयोग पुढे अनेक देशांनी उचलला. मात्र तिथल्या मुलांनी या शालेय दवाखान्यांना 'खुनाचे घर' असे टोपणनाव दिले होते. सेवा मुलांपर्यंत पोहोचली होती, पण भीतीचे काय करायचे याचे उत्तर अजून सापडायचे होते.

केवळ मुलांवरच उपचार करणारा स्वतंत्र व्यवसाय उभा राहू शकतो, हे लॉस एंजेलिसमधील एव्हँजेलीन जॉर्डन यांनी १९०९ पासून दाखवून दिले. अमेरिकेत मुलांच्या दंतचिकित्सेच्या प्रसारासाठी १९२७ मध्ये संस्था स्थापन झाली, आणि तिथून ही शाखा हळूहळू अभ्यासक्रमात शिरली.

कीड का लागते, याचे आधुनिक उत्तर १८९० मध्ये विलोबी मिलर यांनी दिले: तोंडातील जंतू पिष्टमय आणि गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. स्वीडनमधील विपेहोल्म रुग्णालयात १९४५ नंतर बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट गोड पदार्थ देऊन कीड किती वाढते हे पाहण्यात आले. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा आणि किती चिकट रूपात दातांवर राहते, हे अधिक महत्त्वाचे ठरते, असे त्यातून दिसले. हे ज्ञान आपण रोज वापरतो, पण ते ज्यांच्या संमतीविना मिळवले गेले त्यांचीही आठवण विद्यार्थ्यांना करून दिली पाहिजे. फ्लोराइडची कथा अधिक सुखद आहे. फ्रेडरिक मॅके यांना कोलोरॅडोमध्ये दातांवर तपकिरी डाग असलेली माणसे दिसली. या दातांना कीड कमी लागते, हेही पुढे लक्षात आले. कारण पाण्यातील फ्लोराइड हे १९३१ मध्ये कळले, आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यात ते योग्य प्रमाणात मिसळण्यास सुरुवात झाली. आज पालकांना सांगायचे ते सोपे आहे: पहिला दात आल्यापासून फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. ब्रश मोठ्यांनीच फिरवावा.

पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी, असे आता मानले जाते. इतक्या लहान बाळाला खुर्चीत बसवण्यात अर्थ नसतो. आपण आणि आई समोरासमोर गुडघ्याला गुडघे टेकवून बसावे, बाळाने आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसावे, आणि मग त्याला मागे झुकवून डोके आपल्या मांडीवर घ्यावे. बाळाला आईचा चेहरा दिसत राहतो आणि आईला बाळाच्या तोंडात काय आहे ते दिसते. बोटाने वरचा ओठ उचलावा, पुढच्या चार दातांवरील लाळ कापसाने टिपावी आणि हिरडीलगत पाहावे. तिथे खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. ओल्या दातावर ती दिसत नाही, म्हणून टिपणे आवश्यक असते. बाळ रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवूनच झोपते का, हा पुढचा प्रश्न. या टप्प्यावर फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप, आणि बाटलीची सवय मोडणे एवढ्यावर भागू शकते.

वर्तन हाताळणे हा या शाखेचा गाभा आहे आणि तो पुस्तकातून येत नाही, तरीही त्याला शिस्त आहे. एकेकाळी ओरडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करणे ही शिकवली जाणारी पद्धत होती. अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांतून ती २००६ मध्ये वगळण्यात आली. १९५९ मध्ये ॲडलस्टन यांनी 'सांगा, दाखवा, करा' ही पद्धत मांडली. आधी मुलाला समजेल अशा शब्दांत सांगायचे, मग ब्रशचे फिरणारे टोक त्याच्या नखावर टेकवून दाखवायचे, आणि सांगितले तेवढेच करायचे. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. "आज फक्त मोजतो" असे म्हणून मागच्या हाताने सुई पुढे आणणारा डॉक्टर एक दात वाचवतो आणि पुढची दहा वर्षे गमावतो. मूल उपचाराला किती सहकार्य करते हे मोजणारी फ्रँकल यांची १९६२ची चार पायऱ्यांची वर्तनश्रेणी प्रत्येक भेटीला नोंदवावी. तिसऱ्या भेटीत श्रेणी सुधारली नसेल तर आपली योजना बदलण्याची वेळ आलेली असते.

भूल देताना मुलाचे वजन करणे टाळू नये. अमेरिकेतील बालदंतचिकित्सेच्या सूचनांनुसार लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची कमाल मात्रा दर किलोला ४.४ मिलिग्रॅम आहे. १५ किलोच्या मुलासाठी ती ६६ मिलिग्रॅम होते, आणि २ टक्के लिडोकेनच्या १.८ मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्येच (इंजेक्शनच्या औषधाच्या नळीत) ३६ मिलिग्रॅम असते. म्हणजे दोन पूर्ण कार्ट्रिज दिल्या की मर्यादा ओलांडली. प्रौढांच्या चिकित्सेतून आलेल्या हाताला हा हिशेब सहज सुचत नाही.

उपचारांचा कल अलीकडे कमी कापण्याकडे आहे. दुधाच्या दाढांसाठी पोलादी टोप्या १९५० पासून वापरात आहेत, पण त्यासाठी दाढ सर्व बाजूंनी घासावी लागे. स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल यांनी कीड न कोरता आणि भूल न देता टोपी दाढेवर घट्ट बसवून आतील जंतूंचे अन्न तोडण्याची पद्धत वापरली. सुरुवातीला तिच्याकडे संशयाने पाहिले गेले, मात्र पुढील तुलनात्मक अभ्यासांत तिचे निकाल नेहमीच्या भरण्यापेक्षा सरस ठरले. दाताला आधीच ठणका किंवा सूज असेल तर मात्र ती वापरायची नसते. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड या दातावर लावायच्या द्रव औषधाने कीड थांबते, पण जागा कायमची काळी पडते. पुढच्या दातांना लावण्यापूर्वी काळ्या पडलेल्या दाताचे छायाचित्र पालकांना दाखवून लेखी संमती घ्यावी.

पदव्युत्तर प्रशिक्षण बहुतेक देशांत दोन ते तीन वर्षांचे असते, आणि निवडताना मी संस्थेच्या नावापेक्षा दोन गोष्टी पाहण्यास सांगेन: संपूर्ण भुलेखाली उपचार करण्याचा अनुभव तिथे मिळतो का, आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचा स्वतंत्र विभाग आहे का. स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम होणारा विकार) असलेल्या मुलाला सामान्य दवाखाने बहुधा परत पाठवतात, आणि ते मूल शेवटी आपल्याकडेच येते. दरम्यान, पदवीच्या काळातच करता येण्याजोगी एक तयारी म्हणजे अपघातांचे नियम पाठ करणे, कारण तो फोन कधीही येऊ शकतो. पडलेला कायमचा दात मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरावा, लगेच परत खोबणीत बसवावा, ते जमत नसेल तर दुधात ठेवून तातडीने आणावा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, कारण त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. फोनवर पहिला प्रश्न म्हणूनच मुलाचे वय हा असतो.