संत्र्यावरचा डिंक्या: कार्बेन्डाझिम का चालत नाही आणि मिरगाआधी काय करावे

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या भारी काळ्या जमिनीत संत्र्याच्या खोडातून डिंक गळू लागला की बहुतेक बागांत कार्बेन्डाझिम आळ्यात ओतले जाते. औषध खोटे नाही, पण या रोगावर ते लागूच पडत नाही. डिंक्या आणि मूळकूज करणारा फायटोफ्थोरा बुरशीसारखा दिसत असला तरी खरी बुरशी नव्हे. त्याच्या पेशीची भिंत खऱ्या बुरशीसारखी कायटिनची नसून मुख्यतः ग्लुकान आणि सेल्युलोजची असते. नात्याने तो तपकिरी शेवाळांच्या जवळचा आहे. म्हणून खऱ्या बुरशीसाठी बनवलेली कार्बेन्डाझिम, हेक्झाकोनॅझोलसारखी औषधे त्याच्यावर वाया जातात.

त्याचे बीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात पोहतात आणि कोवळ्या मुळांकडे ओढले जातात. आळ्यात काही तास पाणी साचले तरी त्यांना तेवढे पुरते. खोडाभोवतीच्या मातीवर हिरवे शेवाळ धरले असेल तर तिथे पाणी थांबते, हे नक्की समजा. शेवाळ झाडाचे काही बिघडवत नाही, पण निचऱ्याचे दुखणे दाखवते. उताराच्या दिशेने दर दोन ओळींनंतर दीड-दोन फूट खोल चर पाऊस लागण्याआधी काढा. आळे दुहेरी करा, म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यात राहील आणि खोड कोरडे राहील. खोडाला मातीची भर लावू नका. कलमाचा जोड मातीत गेला की जंबेरी (रानलिंबू) खुंटावरचा, म्हणजे त्याच्या मुळांवर बांधलेला संत्रा हमखास धोक्यात येतो. नवी लागवड करणाऱ्यांनी जमिनीपासून किमान 9 इंचांवर डोळा बांधलेली कलमेच घ्यावीत. भारी जमिनीत रंगपूर लाइमचा खुंट जास्त तग धरतो.

खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टसाठी 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात आणि 1 किलो कळीचा चुना वेगळ्या 5 लिटर पाण्यात भिजवा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची हवीत, लोखंडाची नकोत. चुना विरला की गाळून घ्या, दोन्ही एकत्र ढवळा आणि घासून स्वच्छ केलेला विळा त्यात बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे आहे, आणखी चुना घाला. नाहीतर साल भाजते. पेस्ट त्याच दिवशी संपवा. खोडाला जमिनीपासून 3 फुटांपर्यंत पावसाआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा लावा. हवा लागून फुटलेला, भुकटी झालेला चुना वापरला की पेस्ट पहिल्याच सरीत धुऊन जाते, ही नेहमीची चूक आहे.

जिथे डिंक आधीच गळतो आहे तिथली कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडा आणि खरवड बागेबाहेर जाळा. जखम 1 टक्का पोटॅशियम परमँगनेटने धुऊन तिथे मेटॅलॅक्झिल एम अधिक मॅन्कोझेब या संयुक्त औषधाची पेस्ट लावा. आळ्यात तेच औषध लिटरला 2.5 ग्रॅम घेऊन मुळांची माती भिजेल इतके ओता. पुढची पाळी फोसेटिल अ‍ॅल्युमिनियमची घ्या, कारण मेटॅलॅक्झिल सतत वापरले की रोग त्याला सरावतो. फोसेटिल मात्र ताम्रयुक्त औषधात कधीच मिसळू नका, पाने करपतात. ट्रायकोडर्मा ही रोगाशी लढणारी, पण खरी बुरशी आहे, तेव्हा रासायनिक औषधानंतर पंधरा दिवस थांबूनच ती शेणखतातून द्या.

कार्बेन्डाझिमचे खरे काम दुसरीकडे आहे: सलीवर, म्हणजे झाडावरच्या वाळलेल्या काड्यांवर वाढणाऱ्या खऱ्या बुरशींमुळे होणाऱ्या फळगळीवर. तिथेही आधी सल काढा, मग फवारा.

मातीतले अमीबासारखे आदिजीव जिवाणू खातात आणि त्यातला नत्र मुळांना मोकळा करतात. त्यांच्यावर कुठलाच उपाय करायची गरज नाही.

झाड हळूहळू मलूल होते, पाने लहान राहतात, पण डिंक नाही, अशा वेळी सूत्रकृमीचा संशय घ्या. संत्र्यावरच्या सूत्रकृमीची मादी अर्धी मुळात, अर्धी बाहेर असते. तिच्या चिकट अंडीपुंजांना माती धरते, म्हणून मुळे हलके धुऊनही मळकट दिसतात. झाडाला 1 ते 2 किलो निंबोळी पेंड मातीत मिसळून द्या. तपासणीसाठी 10-12 झाडांच्या आळ्यांतून 15 ते 30 सेंटिमीटर खोलीवरची ओली माती बारीक मुळांसकट घ्या आणि पॉलिथिनच्या पिशवीत बांधून नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत दाखवा. माती उन्हात ठेवू नका. सूत्रकृमी मेले की तपासणीत ते सापडत नाहीत.